नव्या खोक्यातले जुने शॉकप

१

को शेठचा फोन आला तेव्हा माझा पेजेचा वाडगा नुकता कुठे पुढ्यात आला होता. चिंगमिंगची दोन दिवसांची सुट्टी संपून सोमवार उजाडला होता. सुट्टीत आमचं अख्खं शुइवेई गाव आपापल्या पितरांची थडगी झाडायला वर डोंगरात गेलेलं. त्यामुळे चोरसुद्धा थडगी झाडायलाच गेले असणार, अशी माझी समजूत होती.

"साहेब, चोर माल घेऊन गेला आणि माल ठेवूनही गेला," को शेठ म्हणाला.

"म्हणजे नक्की गेलं काय?"

"तेच तर कळत नाहीये. तुम्ही या."

इथल्या पोलीस चौकीत मी एकटा, येन शिह-हाय. मूळचा पेंगहू बेटावरचा, वडील मासेमारी करायचे. बदलीने या डोंगराच्या पायथ्याशी येऊन पडलो त्याला सहा वर्षं झाली. इथे समुद्र दिसत नाही, त्याचा वासही येत नाही, आणि लोक मला अजून 'बेटावरचे साहेब' म्हणून चिडवतात. वर्षाला दोन गुन्हे होतात, एक कोंबडीचा आणि एक कोबीचा. मला खरं सांगायचं तर घरची फार आठवण येते, आणि गुन्हा घडला की तेवढाच जीव रमतो.

को शेठचं गॅरेज बसथांब्याच्या बरोबर समोर आहे. आत को शेठ, त्याचा कारागीर अ-होंग आणि वरच्या तिंगलुन वाडीच्या यू-येह काकू अशी तिघं एका बाकड्याभोवती उभी होती. बाकड्यावर पुठ्ठ्याची चार खोकी. प्रत्येकावर जाड पेनने काकूंचं नाव आणि त्यांच्या ट्रकचा नंबर.

काकू सत्तावन्न वर्षांच्या. वर नासपतीची बाग एकट्या सांभाळतात आणि सव्वीस वर्षांचा निळा छोटा ट्रक स्वतः चालवतात. त्या ट्रकच्या पुढच्या चाकांचं सगळं झिजलेलं. शॉकपमधलं तेल गळून गेलेलं, बॉलजॉइंट खिळखिळे, बुशांच्या रबराचा भुगा. प्रत्येक खड्ड्याला पुढून अशी खडखड यायची की दोन वळणं अलीकडूनच वाडीला कळायचं, काकू आल्या. अखेर शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी ट्रक इथे आणून लावला. शहरातून नवे भागही त्याच दिवशी आले. काम सोमवारी करायचं ठरलं आणि काकू दिरांच्या गाडीतून वर थडग्यांवर गेल्या.

अ-होंगने सकाळी पहिलं खोकं उघडलं, तर आत जुना शॉकप. झिजलेला, पण धुऊन पुसून लख्ख, छापील कागदात गुंडाळलेला. चारही खोक्यांत तीच तऱ्हा.

"नवे शॉकप, नवे बॉलजॉइंट, सगळे बुश गेले," को शेठ म्हणाला. "कुणाचा तरी भंगार माल माझ्या गळ्यात मारून गेलाय."

काकू तोवर बाकड्याशी वाकल्या होत्या. त्या एका जुन्या शॉकपवरून बोट फिरवत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "हा भंगार माझाच आहे. इथे खरचटलंय बघा, मागच्या पावसाळ्यात दगड लागला होता."

आम्ही बाकीच्या तिघांनी एकदमच ट्रककडे पाहिलं. अ-होंगने तो लिफ्टवर चढवला, खाली बॅटरी धरली, आणि बराच वेळ तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. चोरीला गेलेला सगळा माल ट्रकला बसवलेला होता.

२

आमच्याकडे रीत आहे. काम झालं की काढलेले जुने भाग नव्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे, म्हणजे खरंच बदलले याची खात्री पटते. चोराने ती रीतही पाळली होती.

"मग तक्रार कसली लिहू?" मी विचारलं. "ज्याचा माल त्याच्याच गाडीला लागलाय."

को शेठ उसळला. बंद गॅरेजात कोण शिरतो, कोण पाने फिरवतो, आणि उद्या डोंगरात चाक निखळलं तर नाव कुणाचं जाणार, असं त्याने मला धडाधड विचारलं. "या ट्रकने एकदा माझ्या गॅरेजचं नाव घालवलंय," तो म्हणाला, आणि काकूंकडे बघून गप्प झाला. कुणी केलं ते कळल्याशिवाय तो ट्रक बाहेर सोडणार नव्हता.

मला शॉकप आणि सायकलचा पंप यांतला फरक धड कळत नाही. म्हणून मी लो काकांना बोलावलं. लो काकांनी वाहन तपासणी केंद्रात तीस वर्षं खड्ड्यात उभं राहून गाड्यांची पोटं बघितली. आता निवृत्त आहेत, खिशात उकडलेले शेंगदाणे ठेवून गावभर फिरतात. एका कानाने कमी ऐकू येतं. नको ते ऐकायचं नसलं की दोन्ही कानांनी.

"लिफ्टवरून उतरवा," ते आल्या आल्या म्हणाले. "गाडी पायावर उभी असताना बघायचीय मला."

पुठ्ठा अंथरून ते खाली सरकले. त्यांच्या सपाता तेवढ्या बाहेर दिसत होत्या. बाहेर आले तेव्हा अंगाला माती होती आणि चेहऱ्यावरची चेष्टा गेली होती. अ-होंगला त्यांनी विचारलं, बुशांचे बोल्ट तू कधी आवळतोस?

"लिफ्टवरच, काका. हवेच्या बंदुकीने, पाना फिरवावाच लागत नाही. सगळेच तसं करतात."

"आणि चाकं लोंबकळत असतात. गाडी खाली टेकली की रबर पिळलं जातं आणि वर्षात फाटतं. इथलं रबर पिळलेलं नाही. गाडी जमिनीवर टेकवून, तिचं वजन चाकांवर देऊन मगच बोल्ट आवळलेत. अंधाऱ्या जागेत आडवं पडून, हातपान्याने. को शेठ, सुट्टीत मेन स्विच काढला होता ना?"

काढला होता. म्हणजे लिफ्ट बंद, हवेची बंदूक बंद. कोपऱ्यात हातजॅक आणि लाकडी ठोकळे होते, त्यांवरची धूळ पुसली गेली होती. छपराच्या पारदर्शक पत्र्यातून दिवसा येतो तेवढ्या उजेडात कुणीतरी दोन दिवस राबलं होतं.

लो काका मग बाहेर, शटरशेजारच्या भूमिदेवाच्या देव्हाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. उदबत्तीच्या भांड्यात तीन ताज्या काड्यांचे बुडखे होते. को शेठ फक्त पंधरवड्याला उदबत्ती लावतो, आणि तो दिवस अजून यायचा होता. भांडं जागेवरून जरासं सरकलेलं, खालच्या राखेत त्याचं जुनं वर्तुळ उघडं पडलं होतं. काकांनी भांडं उचललं. खाली गंजलेली किल्ली.

को शेठने कपाळाला हात लावला. ती शटरची जादा किल्ली. कैक वर्षांपूर्वी तिथे ठेवायचे. आता जादा किल्ली घरी दिनदर्शिकेमागच्या खिळ्याला असते, ही तिथे आहे हेच तो विसरला होता. अ-होंगला तर ती माहीतच नव्हती, तो इथे येऊन पाच वर्षं झाली होती.

"चोर नाही हा," लो काका म्हणाले. "जुन्या वळणाचा उस्ताद आहे. आणि घाबरलेला आहे."

"घाबरलेला कशावरून?"

"बॉलजॉइंटचा नट फिरू नये म्हणून त्यातून आडवी पिन घालतात. घातली की झालं काम. याने पिन घातलीय, आणि पिनेवरून पुन्हा तार बांधलीय. दोन्ही बाजूंना. तीस वर्षांत असं मी पाहिलं नाही. या माणसाचा पिनेवर भरवसा नाही, येन साहेब."

३

दुपारपर्यंत मी एकेकाला धरून विचारत बसलो.

अ-होंग संशयित नंबर एक होता, कारण किल्ली त्याच्याकडे आणि काकूंवर त्याची माया. त्याची आई लहानपणी गेली, काकू त्याला दर मोसमात नासपतीची पाटी पाठवतात. पण तो सुट्टीभर सासुरवाडीत होता, आणि लो काकांनी त्याला एक पिन वाकवायला दिली तर त्याने टोकं कचकन कापून टाकली, तार वगैरे त्याच्या ध्यानीमनी नव्हती. "मी केलं असतं तर सांगितलं नसतं का," तो म्हणाला. "मावशीकडून जेवणाची एक पंगत तरी उकळली असती."

को शेठचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नाही. बॉलजॉइंट दाबून बसवायचा तर सोडाच, त्याला स्वतःचा सदरा काढायला बायको लागते. ही माहिती बायकोनेच दिली, आणि बरीच खुलवून दिली.

राहिले काकूंचे थोरले दीर, तेंग-शान. यांना ट्रकशी देणंघेणं नव्हतं, पण काकूंशी होतं. काकूंचा नवरा तेंग-हुओ नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच. सात वर्षं पत्ता लागला नाही की कोर्ट माणूस मयत ठरवतं. सामायिक बागेची वाटणी अडलीय म्हणून तेंग-शान दोन वर्षं काकूंच्या मागे होते, आणि या शुक्रवारी सकाळी दहाला काकू अर्जावर सही करणार होत्या. शुक्रवारपासून तेंग-हुओ कायद्याने मेलेला.

"मी दोन दिवस थडग्यांवर होतो, सगळं कुळ साक्षीला आहे," तेंग-शान म्हणाले. "आणि हे पाने फिरवणं आमच्या तेंग-हुओचं काम. मला तर टायर कुठला आणि स्टेपनी कुठली ते कळत नाही."

लो काकांनी त्यांना शेंगदाणे दिले आणि यंदा गवत फार होतं का म्हणून सहज विचारलं. तेंग-शान तेवढ्याने बोलत सुटले. आपल्या बापाच्या थडग्यावर गवत कमरेइतकं, कोयता चालवून हात भरून आले, आणि पलीकडे त्या पोराचं थडगं मात्र आम्ही जायच्या आधीच स्वच्छ. गवत उपटलेलं, पितरांसाठी ठेवायचे कागद दगडाखाली व्यवस्थित खोचलेले. दरवर्षी हेच. कोण फुकट राबून जातं देव जाणे, आमच्याकडे का येत नाही.

"कुठल्या पोराचं?" काकांनी विचारलं.

"यू-येहच्या धाकट्या भावाचं. तो अपघातात गेलेला."

लो काकांनी हातातला शेंगदाणा न सोलता परत खिशात टाकला. तेंग-शान गेल्यावर ते ट्रकच्या पुढच्या चाकाशी जाऊन उभे राहिले.

"त्या अपघाताचा अहवाल मी लिहिला होता," ते म्हणाले. "याच ट्रकचा. वळणावर पुढचं चाक दुमडलं, पोरगा बाहेर फेकला गेला. मी खाली जाऊन पाहिलं. बॉलजॉइंटचा नट फिरून पडला होता. मी लिहिलं, पिन आढळली नाही. आदल्याच दिवशी पुढचं काम इथे याच गॅरेजात झालं होतं. काम करणारा उस्ताद तेंग-हुओ."

४

मोटरसायकलवर लो काकांना मागे बसवून मी तिंगलुनला गेलो. काकूंनी चहा दिला, वाळवलेल्या नासपतीच्या फोडी दिल्या. दाराशी पुरुषाच्या सपातांचा एक जोड होता. जुना, पण धूळ नव्हती.

लो काकांनी आडपडदा ठेवला नाही. किल्ली कुठे ठेवायचे हे नऊ वर्षांपूर्वीच्या माणसालाच माहीत होतं. काम जुन्या वळणाचं. भावाचं थडगं दरवर्षी कुणीतरी आधीच झाडून जातं. थडग्यांकडून उतरलेला माणूस बससाठी थांबला की समोर गॅरेजचं अंगण, आणि अंगणात हा ट्रक नाक खाली घालून उभा. आत घ्यायचा, काम करून परत जागेवर लावायचा. आणि पिनेवर तार तोच बांधेल, जो एकदा पिन विसरलाय.

काकू चुलीकडे बघत होत्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत, नुसत्या बोलू लागल्या, हळू आणि सरळ.

भाऊ गेल्यावर तेंग-हुओने एक शब्द काढला नाही. तो मोडका ट्रक घेऊन बसला. रोज गॅरेज सुटलं की त्याच्याखाली. एकोणपन्नासाव्या दिवशी, भावाचे शेवटचे विधी होते तेव्हा, त्याने तो उभा करून दारात आणला. पुढचं सगळं नवं घातलेलं.

"मी दारात उभी होते. अंगावर सुतकाचे कपडे. मी म्हणाले, माझ्या गाडीला पुन्हा हात लावू नकोस." त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "एवढंच म्हणाले. सकाळी तो नव्हता."

लो काकांनी पुढ्यातल्या फोडी बाजूला सारल्या.

"अ-होंग कितीदा म्हणाला, मावशी, पुढचं बदलू या. मी टायर बदलू दिले, तेल बदलू दिलं. पुढचं काम त्याच्या हातचं शेवटचं होतं. कसं काढू देणार? वाजू दे म्हटलं. वाजतंय तोवर तो आहे असं वाटायचं. यंदा अर्जावर सही करायची ठरली, तेव्हा म्हटलं आता हेही जाऊ दे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "साहेब, सगळे म्हणतात त्याची पिन राहिली म्हणून भाऊ गेला. राहिली असेल. मी त्याला त्यासाठी कधी घालवला नाही. नऊ वर्षं मी त्याची वाट बघतेय आणि हे सांगायला माणूस समोर नाही."

लो काका म्हणाले, "मी लिहिलं ते खरं होतं, यू-येह. पण खरं लिहून झाल्यावर एकदा तरी त्याला जाऊन भेटायला हवं होतं. मी गेलो नाही."

तेवढ्यात तेंग-शान आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा क्षणभर वेगळाच झाला, धाकट्या भावाची त्यांनाही कधीतरी आठवण येत असणार. पण मग घसा खाकरून म्हणाले, "तार बघून कोर्ट थांबत नसतं. शुक्रवारच्या आत माणूस आणा, मी स्वतः अर्ज फाडतो."

माणूस कुठून आणायचा? या देशात बस कुठेही जाते. सकाळी मी फोनवर तारेचा फोटो काढला होता, तो काकूंनी दाखवायला सांगितला. मी फोन पुढे केला, आणि त्यांच्या खांद्यावरून मीही तो पहिल्यांदा नीट पाहिला. दोन वेढे, टोकं एकमेकांत पिळून मागे दाबलेली, हाताला बोचू नयेत अशी.

मला ती गाठ ओळखीची होती.

५

माझे वडील जाळ्याच्या साखळीची कडी अशीच बांधायचे. कडीची पिन लाटांनी फिरून सुटते म्हणून तिच्यातून न गंजणारी तार ओवायची, दोन वेढे, टोकं मागे. लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं आणि टोक बाहेर राहिलं तर कानाखाली बसायची. डोंगरातल्या गॅरेजात ही गाठ कुणी बांधत नाही. तेंग-हुओ समुद्रावर होता.

पण किनारा केवढा मोठा. मी मंगळवारी सकाळी पुन्हा गॅरेजात गेलो, तर को शेठ चष्मा लावून कागदावर आकडे उतरवत होता. जुने भाग ज्यात गुंडाळले होते तेच छापील कागद. वरचा मथळा फाटून गेलेला, खाली चार आकडी संख्यांच्या ओळी, बाजूला आणखी एक लहान आकड्यांचा रकाना.

"साहेब, ही चार आकडी लॉटरी आहे," तो कुजबुजला. "भूमिदेवानेच धाडलेत. आज लावतो."

"एक तरी आकडा तेवीसशे एकोणसाठच्या वर आहे का?"

त्याने शोधलं. नव्हता. शेवटचे दोन आकडेही कुठेच साठाला पोहोचत नव्हते. शून्य सहा बारा, खाली शून्य सात शून्य शून्य, त्याखाली शून्य सात एक्कावन्न. रोज पन्नासेक मिनिटं पुढे. मी खुर्चीत बसलो आणि मला हसू आलं. आमच्या घरच्या भिंतीवर हेच कागद असायचे. भरतीच्या वेळा होत्या त्या. बाजूच्या रकान्यात पाण्याची उंची, सेंटिमीटरमध्ये, चारशे अडतीस, चारशे एक्कावन्न.

मी आईला फोन लावला. कधी येतोस, हे तिने दोनदा विचारलं, आणि मग मी उंची वाचून दाखवली.

"एवढं पाणी आपल्याकडे नाही भरत रे," ती म्हणाली. "हे पलीकडचं, चांगह्वाच्या बाजूचं. तिथे ओहोटीला समुद्र मैलभर मागे जातो. कालवं काढायला लोक चिखलात लोखंडी गाड्या घालतात. मीठ खाऊन खाऊन गाड्यांचं पार वाटोळं होतं."

लोखंडी गाड्या, आणि मिठाने त्यांचं वाटोळं. मग त्या दुरुस्त करणारा कुणीतरी असणारच. मी तिकडच्या वांगकुंग बंदराच्या चौकीत फोन केला. पलीकडच्या हवालदाराला फार सांगावं लागलं नाही.

"पिनेवर तार? अहो, त्याला सगळे तारवालाच म्हणतात. बांधावर पत्र्याची शेड आहे. नाव कुणी विचारलं नाही. चिंगमिंगला दरवर्षी दोन दिवस गायब असतो. काही केलंय का त्याने?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला काही सांगू नका."

६

मी त्याच दिवशी वर जाऊन काकूंना सांगितलं. मी म्हटलं, फोन लावून देऊ का. त्यांनी मान हलवली. फोनवर तो ऐकून घेईल आणि त्याच दिवशी बोचकं बांधेल, म्हणाल्या. नऊ वर्षं तो दर चिंगमिंगला बसथांब्यापर्यंत आला, दारापर्यंत आला नाही, कारण हात लावू नकोस म्हटलं होतं. आणि यंदा हात लावला तोही मागे कुणी नसताना, चोरासारखा.

गुरुवारी सकाळी त्या गॅरेजात आल्या. को शेठने तक्रार मागे घेतली होती आणि ट्रकला स्वतः पाणी मारून ठेवलं होतं. काकूंनी अ-होंगला एक खोकं उघडायला लावलं. पुढच्या दांडीच्या टोकाचा एक झिजलेला बुश त्यात होता. तो परत बसव, म्हणाल्या.

अ-होंग कळवळला. "मावशी, आत्ता कुठे गाडी गप्प झालीय."

"गप्प गाडीकडे कोण बघणार? याने चाक निखळतं का?"

"निखळत नाही. नुसती वाजेल. खूप वाजेल."

"मग बसव."

लो काका बाजूला उभे राहून ऐकत होते, दोन्ही कानांनी. त्यांनी काकूंच्या हातात शेंगदाण्याची पुडी दिली. त्याला द्या, म्हणाले, आणि मी विचारलंय म्हणून सांगा. त्यांना यायचं होतं, पण ते आले नाहीत.

मी सुट्टी टाकून काकूंच्या शेजारी बसलो. समोरच्या खणात शुक्रवारचा अर्ज घडी करून ठेवलेला होता. डोंगर सोडून आम्ही सपाटीला लागलो, भातखाचरं मागे पडली, आणि दुपारी खिडकीतून तो वास आला. सहा वर्षांनी आला. मी काच पूर्ण खाली केली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी जरा हळू केली, एवढंच.

ओहोटी होती. समुद्र दूर गेलेला, चिखलावर कालवांच्या काठ्यांच्या रांगा, आणि बांधाच्या कडेला पत्र्याची शेड. शेडपुढे एक गंजकी लोखंडी गाडी ठोकळ्यांवर चढवलेली. तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. अनवाणी. कुणीतरी हातोडीने काहीतरी ठोकत होतं.

काकूंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. बांधाचा रस्ता खड्ड्यांचा. ट्रक पुढून वाजू लागला, खडाक, खडखड, खडाक. त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि त्या एकही खड्डा चुकवत नव्हत्या.

शेड पन्नास पावलांवर असताना हातोडी थांबली.

पाय हलले नाहीत. तो तसाच पडून ऐकत होता. आम्ही अगदी जवळ गेलो तेव्हा तो सरपटत बाहेर आला आणि बसूनच राहिला. पिकलेले केस, काळे हात. त्याने आधी ट्रककडे पाहिलं. पुढच्या उजव्या चाकाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग वर बघायचं धाडस होईना म्हणून तो चाकाकडेच बघत राहिला.

काकू उतरल्या. मी उतरलो नाही. नऊ वर्षं साठवलेलं किती काय असेल, ते आता सगळं बाहेर येईल असं मला वाटलं होतं. त्या त्याच्यापासून दोन हातांवर जाऊन उभ्या राहिल्या, जराशा धापा टाकत.

"पुढून वाजतंय," त्या म्हणाल्या. "हात लाव जरा."

त्याने हात पँटला पुसले, एकदा, दोनदा, निघेना तरी पुसत राहिला. मग तो उजव्या चाकाशी गुडघ्यांवर बसला आणि आत हात घालून दांडी हलवून पाहिली. काकू खाली वाकून त्याच्या खांद्याला धरून उभ्या होत्या.

"बुश जुनाच आहे," तो म्हणाला. नऊ वर्षांतला पहिला शब्द. "मी नवा घातला होता."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या.

मी खण उघडून अर्ज काढला आणि खाली उतरलो. कोरी बाजू वर करून त्याच्या गुडघ्यांखाली सरकवला, कारण तिथली जमीन ओली होती.